जुनी फिल्म आणली का?

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा 42-43 अंशांच्या घरात जातो आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या पेशंटना हा महिना फार जड जातो. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या तंतूंवर उलटते आणि त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण खरवडून काढते. असे उघडे पडलेले तंतू अंग तापलं की संदेश धड पोचवत नाहीत. डोळ्यांपुढे धूसर होतं, पाय लटपटतात. अंगमेहनतीनंतर अशी नजर मंदावते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्ये नोंदवलं होतं. त्यामागे उष्णता आहे, हे नंतर उमगलं.

म्हणजे एप्रिलात डोळा धूसर झाला, तर तो उन्हाचा ताप की आजाराचा नवा झटका? उन्हाचा असेल तर सावली, गार पाणी आणि विश्रांती पुरते. झटका असेल तर स्टेरॉइड, कदाचित औषधच बदलायचं. डॉक्टर तपासून अंदाज बांधतात, पण शंका उरली की एमआरआय काढायला सांगतात.

सोलापुरातल्या एका सेंटरच्या कन्सोल रूममध्ये मी हे काम बघत होतो. गावाकडून भावासोबत एक ताई आल्या होत्या. ‘‘मंगळसूत्र बी काढायचं का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘व्हय ताई, दादांकडं द्या. जोडवी, केसातल्या पिना, सगळं.’’ टेक्निशियनने तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कैक हजार पट ताकदीचं असतं, आणि मशीन रिकामं असलं तरी ते चालूच असतं. वेल्डिंग-लेथवर काम करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण अडकलेला असेल, तर तो आत हलू शकतो. म्हणून अशांचा आधी एक्स-रे काढतात.

मग त्याने भावाला विचारलं, ‘‘जुनी फिल्म आणली का?’’

भावाने कापडाच्या दुकानाच्या पिशवीतून फिल्म काढली. सोबत सीडीही होती. टेक्निशियनचा चेहरा खुलला. का, ते पुढच्या काही मिनिटांत कळलं. ताईंच्या डोक्याभोवती कॉइल बसवली, हातात रबरी फुगा दिला, टेबल आत सरकलं. पहिली झटपट चित्रं आली. आता छेद कुठल्या कोनात घ्यायचे ते ठरवायचं होतं. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसम या पट्ट्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकांच्या खालच्या कडांना टेकेल अशी रेघ त्याने माउसने ओढली. जुन्या चित्राशी ताडली, केसभर फिरवली, पुन्हा ताडली. डोकं दर वेळी थोडं वेगळं ठेवलं जातं. कोन बदलला तर जुनाच डाग नवा वाटतो आणि नवा डाग दोन छेदांच्या मधे निसटतो. या रेघेपायी त्याने जो वेळ घातला, तो मला सगळ्या तपासणीतला सर्वांत मोलाचा वाटला.

मग मशीनचा ठकठकाट सुरू झाला. फ्लेअर नावाच्या पद्धतीत मेंदूतलं पाणी काळं दिसतं आणि एमएसचे डाग पांढरे उठतात. पोकळ्यांच्या कडेला, शिरांच्या वाटेने उभे पसरलेले लांबट डाग हे या आजाराचं ओळखीचं रूप. स्कॉटलंडच्या जेम्स डॉसन यांनी 1916 मध्ये शवविच्छेदनातून त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना ‘डॉसनची बोटं’ म्हणतात. जिवंत माणसात एमएसचे डाग नीट दिसायला 1981 उजाडावं लागलं. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये 10 पेशंटच्या मेंदूत सीटी स्कॅनला 19 डाग दिसले होते. एमआरआयच्या नव्या तंत्राने ते तर दाखवलेच, शिवाय आणखी 112 दाखवले. पुढे एकेका पेशंटचं वारंवार स्कॅनिंग झालं, तेव्हा झटक्यांच्या कित्येक पट डाग गुपचूप येऊन जातात, हे कळलं. पेशंटला बरं वाटतंय म्हणजे आजार झोपलाय, हा समज तिथेच मोडला.

पण प्रत्येक पांढरा डाग एमएसचा नसतो. आपल्याकडे क्षयाच्या गाठी आणि मेंदूतले फीतकृमीचे सिस्ट आधी आठवावे लागतात. मज्जारज्जूत तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब डाग असेल तर एनएमओ या वेगळ्या आजाराचा संशय येतो. एमएसची काही औषधं एनएमओमध्ये उलटतात, म्हणून तिथे घाई धोक्याची.

शेवटी गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा रिपोर्ट आधीच पाहून ठेवला होता. डाग ताजा असेल तर तिथल्या रक्तवाहिन्यांतून हे द्रव्य झिरपतं आणि डाग चकाकतो; साधारण चार ते सहा आठवड्यांत ही चकाकी ओसरते. थोडं थांबून पुन्हा चित्रं घेतली.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी जुनी सीडी एका पडद्यावर, नवी चित्रं दुसऱ्यावर लावली. दोन्ही एकदमच खाली सरकवत त्या एकेक छेद बघत गेल्या. डाग तेवढेच. कुठेही चकाकी नाही. नेत्रनाडीही त्यांनी स्वतंत्रपणे पाहिली. जुनी सीडी नसती, तर याच डागांपुढे ‘केव्हाचे, सांगता येत नाही’ एवढंच लिहिता आलं असतं. आमच्याकडे माणसं फिल्म माळ्यावर टाकतात, घर बदलताना रद्दीत देतात, आणि पेशंट नव्या डॉक्टरकडे कोऱ्या पाटीने जातो. दर वेळी नवं सेंटर, नवा कोन. याची मला फार हळहळ वाटते, कारण एवढ्या खर्चाच्या तपासणीतलं निम्मं मोल त्यात वाया जातं.

रिपोर्टमध्ये मॅडमनी आधीच्या तपासणीची तारीख घातली आणि नवा किंवा सक्रिय डाग नसल्याचं लिहिलं. आता निर्णय न्यूरॉलॉजिस्टचा. ताईंचा प्रश्न मात्र वेगळाच होता: ‘‘मग दुपारचं रानात जाऊ का नको?’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘डॉक्टरांना विचारा, पण ऊन उतरेपर्यंत तरी नको.’’ भावाने दोन्ही सीडी एकाच पिशवीत घातल्या.