भट्टीसमोरचा दुसरा माणूस

दादांच्या, म्हणजे अब्बांच्या वडिलांच्या, बेकरीचा एकच फोटो आमच्या घरात उरला आहे. भट्टीच्या तोंडाशी दोन तरुण उभे आहेत आणि वर दुकानाची पाटी आहे. त्यातले मरहूम दादा सगळ्यांना ओळखू येतात. दुसरा माणूस मात्र नातवंडांसाठी 'कामावरचा कोणीतरी' होता. तो कोण, याचा शोध आम्ही पाटीपासून सुरू केला.

भिंगातून पाहिल्यावर पाटीवर 'जि. कुलाबा' ही अक्षरे दिसली आणि पावाचा भाव आण्यांत लिहिलेला दिसला. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले 1981 मध्ये. दशमान नाणी आली 1 एप्रिल 1957 ला, आणि त्यानंतर भाव 'नये पैशांत' लिहिले जाऊ लागले. म्हणजे फोटो 1957 च्या आसपासचा किंवा त्याआधीचा. फोटोग्राफरने तारीख घातली नव्हती, पण पाटीने काळ सांगितला.

पुढचा धागा फुफूंकडे मिळाला. वय झाले असले तरी लहानपणीच्या गोष्टी त्यांना लख्ख आठवतात. फोटो हातात घेताच त्या म्हणाल्या, "अरे, हे तर गोव्याचे उस्ताद! दादांना पीठ मळायला यांनीच शिकवलं."

हे ऐकून आम्ही चकित झालो, पण त्यात नवल नव्हते. 'पाव' हा शब्दच पोर्तुगीजांचा. गोव्यातील ख्रिस्ती पोदेरांनी ही कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि कामधंद्यासाठी मुंबई-कोकणात आणली. पीठ आंबवण्यासाठी ते ताडी वापरत. ती दादांना चालणार नव्हती. शिवाय 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर ताडी मिळणेही अवघड झाले होते. फुफू सांगतात की उस्तादांनीच तोड काढली. आदल्या दिवशीच्या मळलेल्या पिठाचा गोळा झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच खमीर म्हणून घालायचा. स्वतःचा धर्म वेगळा असूनही त्यांनी शागिर्दाच्या हलालची काळजी घेतली.

मग ट्रंकेतली उधारीची वही निघाली. गिऱ्हाइकांच्या हिशेबानंतर दर महिन्याला एक ओळ आहे: 'उस्ताद, निम्मा हिस्सा, अदा.' म्हणजे ते नोकर नव्हते, भागीदार होते. 'दादांनी एकट्याने बेकरी उभी केली' ही घरात सांगितली जाणारी गोष्ट अर्धीच होती. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. दादांनी ती पाळली, म्हणून एका माणसाचा हक्क इतक्या वर्षांनीही शाबूत राहिला. आता मुलांना गोष्ट सांगताना आम्ही दोघांची नावे घेतो.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला. हवा स्वच्छ व्हायलाच हवी. पण जुनी भट्टी मोडली की तिच्याभोवतीच्या आठवणीही विखुरतात.

आपल्या घरी असा फोटो असेल तर आधी त्याची मागची बाजू पाहा, तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. पाटीवरचा जिल्हा, भाव आणि पिनकोड वाचा. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, तो असेल तर फोटो त्यानंतरचा. नगरपालिकेचा परवाना, जागेचे प्रॉपर्टी कार्ड, निकाहनामे आणि कब्रस्तानाची नोंदवही यांतून नावे व तारखा जुळतात. मात्र कागदांच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. फोटो त्यांच्या हातात द्या आणि मालकाबरोबरच कडेला उभ्या असलेल्या माणसाचेही नाव विचारा. ते सांगतील ते फोटोच्या मागे पेन्सिलीने लगेच लिहून ठेवा.