गृहटंचाई, यूरोपातील

घरांची संख्या, ठिकाण व किंमत यांचा लोकांच्या गरजांशी व उत्पन्नाशी मेळ न बसल्याने यूरोपीय देशांत उद्‌भवलेली समस्या. घरे पुरेशी असूनही ती परवडत नसल्यास टंचाई कायम राहते. यूरोपीय संघाच्या सांख्यिकीत खर्चायोग्य उत्पन्नाच्या ४० टक्क्यांहून अधिक रक्कम निवाऱ्यावर खर्च करणारे कुटुंब गृहखर्चाने अतिभारित मानतात.

औद्योगिकीकरणामुळे एकोणिसाव्या शतकात शहरांत दाटी झाली. नेदर्लंड्समध्ये १९०१ च्या कायद्याने बिननफा गृहसंस्थांना शासकीय साहाय्य मिळू लागले. ब्रिटनमध्ये १९१९ च्या कायद्याने श्रमिकांसाठी घरे बांधण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. व्हिएन्ना नगरपालिकेने १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहबांधणी कर बसवून १९३४ पर्यंत सु. ६० हजार सदनिका उभारल्या. स्वीडनमध्ये १९६५–७४ या काळात सु. दहा लक्ष घरे बांधण्यात आली.

पुढे अनेक देशांनी हा साठा विकला. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना सवलतीच्या किंमतीत घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. तथापि विकलेल्या घरांइतकी नवी घरे बांधली गेली नाहीत. स्कॉटलंडने २०१६ मध्ये व वेल्सने २०१९ मध्ये हा हक्क रद्द केला. पूर्व यूरोपात १९८९ नंतर सार्वजनिक घरे रहिवाशांनाच अल्प किंमतीत देण्यात आली. रूमानियात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मालकीच्या घरात राहतात. पण घरांतील दाटी तेथे मोठी आहे.

यूरोपीय संघात २०१० ते २०२४ या काळात घरांच्या किंमती सरासरीने निम्म्याहून अधिक, तर भाडी सु. एक चतुर्थांशाने वाढली. दीर्घकाळ राहिलेले अल्प व्याजदर, महानगरांकडील स्थलांतर, बांधकामाचा वाढता खर्च, गुंतवणुकीसाठी होणारी खरेदी व पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने दिली जाणारी घरे ही त्याची प्रमुख कारणे होत. याची झळ मुख्यतः तरुण, नवागत व अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना पोहोचते.

भाडेनियंत्रणाने विद्यमान भाडेकरूंना संरक्षण मिळते, पण घरांची संख्या वाढत नाही. स्टॉकहोममध्ये नियंत्रित भाड्याच्या घरासाठी अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागते. बर्लिनचा २०२० चा भाडेमर्यादा कायदा संघीय घटना न्यायालयाने २०२१ मध्ये अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर रद्द ठरविला. याउलट व्हिएन्नाने आपली घरे विकली नाहीत. नगरपालिकेच्या मालकीच्या सु. २·२ लक्ष सदनिका असून शहरातील सु. निम्मे रहिवासी नगरपालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या साहाय्यित घरांत राहतात. मात्र तेथेही वास्तव्याच्या अटीमुळे नवागतांना प्रथम खाजगी बाजारावरच विसंबावे लागते. घरे बांधण्याइतकेच ती सार्वजनिक साठ्यात टिकविणेही महत्त्वाचे असते, हे या अनुभवांवरून दिसून येते.