यंत्रास कागद वाचून दाखविणारा लोडर

जुना रुमाल सोडला म्हणजे पहिला प्रश्न असा उभा राहतो कीं, येथें एक कागद कोठें संपतो आणि दुसरा कोठें सुरू होतो. मोडी लेखनांत शब्द तोडलेले नसतात, बंद सुटे झालेले असतात, एका पत्राची पुरवणी दुसऱ्याच पत्रास चिकटून बसलेली असते. म्हणून वाचणाराची पहिली विद्या अक्षर लावण्याची नव्हे, मर्यादा ओळखण्याची होय. संगणकाकडून अफाट मजकूर वाचवून घेण्याच्या कामींही हीच विद्या लागते. ती ज्या लहानशा आज्ञावलींत सांठविलेली असते तिला लोडर म्हणतात. कागदपत्रांच्या नकला संगणकांत उतरविण्याचें काम हल्लीं ठिकठिकाणीं चालू आहे. अशा वेळीं हा लोडर काय करतो व तो चुकला असतां इतिहासाची हानि कशी होते, याचा खुलासा संग्राहकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

एका यंत्रास न आटोपणारा मजकूर अनेक यंत्रांवर वांटून द्यावा व निघालेलीं उत्तरें एकत्र करावीं, ही पद्धति गूगलच्या संशोधकांनीं २००४ सालीं मॅपरिड्यूस या नांवानें प्रसिद्ध केली. तिच्या धर्तीवर डग कटिंग व माइक काफरेला यांनीं हडूप उभें केलें; हें नांव कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यांतील हत्तीचें आहे. हडूपला थोडक्या शब्दांत प्रश्न विचारतां यावे म्हणून याहू कंपनींत पिग नांवाचें साधन तयार झालें व २००७ सालीं तें अपाची संस्थेकडे गेलें. पिगबरोबर जो तयार लोडर येतो त्याची समजूत एवढीच कीं, एक ओळ म्हणजे एक नोंद, आणि टॅब या चिन्हानें तिचे रकाने पडतात. याद्यांस हें पुरतें. पत्रांस पुरत नाहीं. छापील साधनखंडांतील एक लेख म्हणजे लेखांक, तारीख, मायना, अनेक ओळींचा मजकूर आणि खालीं संपादकाची टीप. तयार लोडर त्याचे वीस तुकडे करून वीस नोंदी मानील. तेव्हां आपल्या कागदाच्या घडणीस जुळणारा लोडर आपणच लिहावा लागतो. दहावीस खंडांचा मजकूर एका साध्या संगणकांत मावतो, त्यास हा खटाटोप नको. परंतु लक्षावधि पानें एकत्र आलीं म्हणजे दुसरा मार्ग उरत नाहीं.

पिगच्या २०१० सालच्या ०.७ या आवृत्तीपासून लोडरचें काम तिघांत वांटलेलें आहे. पहिला इनपुटफॉर्मॅट, हा संग्रहाचे तुकडे पाडून ते यंत्रांकडे सोंपवितो. दुसरा रेकॉर्डरीडर, हा आपल्या तुकड्यांतून एकामागून एक नोंद उचलतो. तिसरा लोडफंक, हा उचललेल्या नोंदीचे रकाने पाडून ती पिगच्या हवालीं करतो. दफ्तराच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिला रुमाल वांटणारा, दुसरा कागद उलगडणारा आणि तिसरा टांचण करणारा. तिघेही सामान्यतः जावा भाषेंत लिहितात. यांपैकीं दुसऱ्याचें काम सर्वांत नाजूक आहे.

त्याचें कारण असें. हडूप मोठ्या संचिकेचे तुकडे पाडतें तें मजकूर पाहून नव्हे, माप पाहून. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपासून हें माप सामान्यतः १३,४२,१७,७२८ बाइटांचें आहे. बाइट म्हणजे सांठवणीचें एक घर समजावें. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह ३ घरें घेतें. २०१४ सालीं युनिकोडांत दाखल झालेल्या मोडीचें प्रत्येक चिन्ह ४ घरें घेतें. आतां वरील संख्येस ३ नें भागावें. बाकी २ उरते. म्हणजे संचिकेंत निव्वळ देवनागरी चिन्हेंच असतीं, तर पहिलाच छेद पत्राच्या नव्हे, ओळीच्या नव्हे, तर एका चिन्हाच्या पोटांतून जाता. दोन घरें अलीकडे आणि एक पलीकडे. मध्यें मोकळ्या जागा व विरामचिन्हें असल्यामुळें छेद नेमका कोठें पडेल हें बदलतें. पण तो पत्राच्या शेवटींच पडेल अशी आशा धरणें व्यर्थ होय.

यावर उपाय एका नियमाचा आहे: ज्या तुकड्यांत नोंदीचें पहिलें घर पडेल त्याच तुकड्याच्या वाचकाची ती नोंद. म्हणून पहिल्या तुकड्याखेरीज प्रत्येक वाचकानें आरंभींचा अर्धवट मजकूर सोडून पुढच्या नोंदीच्या खुणेपर्यंत जावें. आणि शेवटची नोंद पुरी करण्यासाठीं आपली हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या तुकड्यांत खुशाल वाचावें. दोघांनीं हा नियम सारखा पाळला तर कोणतेंही पत्र दोनदां येत नाहीं व एकही गळत नाहीं. एकानें हद्द ओलांडली नाहीं, तर छेदावर सांपडलेलें पत्र दोघेही सोडून देतात.

खूण कोणती धरावी हें कागद जाणणारानेंच सांगितलें पाहिजे. नुसता “लेखांक” हा शब्द खूण मानल्यास “लेखांक ५ पहा” अशा टिपेपाशीं पत्र दुभंगेल. तो शब्द ओळीच्या आरंभीं असून त्यापुढें आंकडा व त्या आंकड्यानंतर ओळ संपलेली असावी, इतकें बंधन घालावें. नोंद नेमकी छेदावरच सुरू होत असल्यास तिच्या आधींची ओळ-समाप्तीची खूण मागच्या तुकड्यांत पडते. यास्तव वाचकानें शोध एक घर मागून सुरू करावा. यूटीएफ-८ मध्यें ओळ-समाप्तीचें मूल्य दुसऱ्या कोणत्याही चिन्हाच्या पोटांत येत नाहीं, म्हणून हा शोध निर्धास्त आहे. जीझिप पद्धतीनें आवळलेली संचिका मात्र मध्येंच उघडतां येत नाहीं. ती सबंध एकाच यंत्राकडे जाते व वांटणीचा लाभ बुडतो.

टांचणाच्या पायरीवर दुसरा धोका आहे, आणि तो कालगणनेचा. लोडर लिहिणारास कोणी सांगतो कीं, शुहूर सनांत ५९९ आणि शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन निघतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली. शके १६८२, पौष शुद्ध ८. शुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. वरील रीतीनें शुहुरावरून १७६० येतात आणि शकावरूनही १७६०च येतात. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या असें पाहणारास वाटतें. वास्तविक दोन्ही एकाच चुकीच्या आहेत. शुहूर सन मृगापासून व शक चैत्रापासून पालटतो. त्यामुळें जानेवारी लागल्यावर पुढचा पालट होईपर्यंत शुहुरांत ६०० व शकांत ७९ मिळवावे लागतात. एका पत्रांत अशी चूक झाली तर अभ्यासक ती पकडतो. लोडरनें ती लाख पत्रांत केली, तर हिंवाळ्यांतील स्वाऱ्यांचा सारा पत्रव्यवहार एक वर्ष मागें सरकतो. म्हणून मूळ तारीख जशीच्या तशी एका रकान्यांत ठेवावी व काढलेली तारीख निराळ्या रकान्यांत लिहावी. मूळ पुसून टांचण ठेवणारा कारकून आपण कामावर ठेवीत नाहीं. लोडरही ठेवूं नये.

तिसरा धोका सर्वांहून गुप्त आहे. नोंदी संपल्या हें पिगला कळविण्यासाठीं लोडफंक “नल” हें रिकामें मूल्य परत देतो. एखादें पत्र फाटकें निघालें, तारीख लागली नाहीं, म्हणून अननुभवी लेखक तेथेंही “नल” देऊन मोकळा होतो. पिग त्याचा अर्थ असा घेतें कीं, हा तुकडा संपला; आणि त्या एका फाटक्या पत्रामागचीं हजारों धडधाकट पत्रें वाचलींच जात नाहींत. तक्रार उठत नाहीं, काम यशस्वी म्हणून नोंदलें जातें. “या विषयावर पत्र उपलब्ध नाहीं” असें विधान अशा यादीच्या भरंवशावर कोणीं केलें, तर तें पुढच्या पिढ्यांस दिशाभूल करणारें ठरेल. फाटक्या नोंदीचें मूळ तसेंच ठेवून तिला संशयाची खूण करावी आणि पुढें चालावें, हाच मार्ग.

पेशवाईंतील कारकून बेरजेचा ताळा घेतल्यावांचून हिशेब पुरा मानीत नसे. लोडरचाही ताळा घ्यावा. मूळ संग्रहांतील लेखांक आधीं निराळ्या रीतीनें मोजून ठेवावे. लोडरनें दिलेल्या व संशयित ठरविलेल्या नोंदींची बेरीज त्यांशीं जुळली पाहिजे. मग तुकड्याचें माप मुद्दाम लहान करून, छेद पत्रांमधून जाईल असें करून, तोच संग्रह पुन्हा वाचवावा. संख्या बदलतां कामा नये. साधनें पालटतील, परंतु मोठा मजकूर तोडून वाचणाऱ्या प्रत्येक साधनांत हा मर्यादेचा प्रश्न राहणारच. तो सोडविण्यास यंत्र जाणणारा जितका लागतो तितकाच कागद जाणणाराही लागतो. संग्राहकांनीं आपल्या नकला दुसऱ्याच्या हवालीं करण्यापूर्वीं नोंद कोठें सुरू होते, तारीख कोणत्या गणनेची आहे व एकंदर लेख किती, या तीन गोष्टी लिहून द्याव्या, इतकी विनंती करून हें टिपण पुरें करतों.