दोन प्रोसेसरचा संगणक घ्यावा काय?



तुळशीचे लग्न लागले की आपल्या वऱ्हाडात लग्नसराई सुरू होते. अमरावती असो, अकोला असो की दर्यापूर-मूर्तिजापूरकडचे लहानसे खेडे असो, व्हिडिओवाल्याशिवाय मांडव आता सहसा दिसत नाही. हे काम शिकलेली पोरेही गावोगाव आहेत. चार लग्नांचे शूटिंग झाले की पोरगा घरी येऊन म्हणतो, "बाबा, एडिटिंगला संगणक घ्यायचा आहे. साधा नको, दोन प्रोसेसरचा पाहिजे."

बाबांच्या डोक्यात तेव्हा तुरीच्या पैशाचा हिशेब चाललेला असतो. त्यातूनच पुढल्या हंगामाचे बी-खत घ्यायचे, त्यातूनच पोरीची कॉलेजची फी भरायची. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी खारे, पीक पावसाच्या भरवशावर. पैसा हाती येतो तो वर्षातून एकदा. म्हणून ही खरेदी करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून चार गोष्टी समजून घ्याव्यात.

प्रोसेसर आणि कोअर

प्रोसेसर म्हणजे संगणकाचे काम ओढणारा बैल. पूर्वी घरगुती संगणकात एका प्रोसेसरमध्ये काम करणारा गाभा, म्हणजे कोअर, एकच असे. जास्त जोर हवा तर एकाच बोर्डावर दोन प्रोसेसर बसवावे लागत. त्या काळी दोन प्रोसेसर मागण्यात अर्थ होता. २००५ साली इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांनी एकाच प्रोसेसरमध्ये दोन कोअर आणले. २०१९ साली एएमडीने १६ कोअरचा प्रोसेसर घरगुती संगणकासाठी काढला. सिनेमावाले वापरतात तो ॲपलचा मॅक प्रो संगणक आधी दोन प्रोसेसरचाही मिळे. २०१३ च्या नमुन्यात कंपनीने एकच प्रोसेसर ठेवला.

तेव्हा दुकानदार "ड्युअल" म्हणाला तर विचारा, कोअर दोन की प्रोसेसर दोन? दोन कोअरचा संगणक आज या कामाला अपुरा आहे. दोन प्रोसेसरचा म्हणून स्वस्तात मिळतो तो बहुधा कंपन्यांनी वापरून काढलेला जुना सर्व्हर असतो.

वेचणीचा हिशेब

आता कापसाच्या वेचणीकडे पाहा. समजा १० बाया ८ तास वेचतात आणि मोजणी-भराईला २ तास लागतात. एकूण १० तास झाले. बाया २० केल्या तर वेचणी ४ तासांत होईल, पण काटा एकच असल्याने मोजणीचे २ तास कायम राहतील. काम ६ तासांत आटोपेल, ५ तासांत नाही. मजुरी वाढवली तरी काटा काही पळत नाही. संगणकाच्या बाबतीत हाच हिशेब जीन ॲमडाल या अमेरिकन तज्ज्ञाने १९६७ साली मांडला होता.

एडिटिंगमध्ये काटा कोणता? तर पोराचे डोळे. तीन तासांचे शूटिंग नीट पाहायचे तर तीन तास बसावेच लागते. हळदीतला कोणता प्रसंग ठेवायचा, मामा कुठे दिसले पाहिजेत, पाठवणीला कोणते गाणे लावायचे, हे प्रोसेसर ठरवत नाही. तयार फिल्म बाहेर काढण्याचे काम वाटून घेता येते, पण ते रात्री लावून झोपता येते. सकाळी उठेपर्यंत झाले की पुरे. ते चारला झाले काय आणि दोनला झाले काय!

शिवाय दोन प्रोसेसर असले की प्रत्येकाची मेमरी वेगळी असते. दुसऱ्याच्या मेमरीतले सामान आणायला जास्त वेळ लागतो. विंडोजची होम आवृत्ती दुसरा प्रोसेसर वापरतच नाही, त्यासाठी प्रो आवृत्ती घ्यावी लागते.

वीज आणि ऊन

लग्ने दाट असतात नेमकी एप्रिल-मे मध्ये. अकोल्याचा पारा तेव्हा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या खोलीत प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपोआप हळू चालतो. म्हणजे ज्या दिवसांत घाई, त्याच दिवसांत दोन्ही बैल धापा टाकणार. विजेचेही पाहा. ४०० वॅट खाणारा संगणक १० तासांत ४ युनिट जाळतो, २०० वॅटचा २ युनिट. लाईन गेली तर बॅटरीही मोठी लागेल.

मग पैसा कुठे घालावा?

एक चांगला, अलीकडचा, आठेक कोअरचा प्रोसेसर पुरतो. इंटेलने २०११ पासून आपल्या घरगुती प्रोसेसरमध्ये व्हिडिओसाठी वेगळा भाग द्यायला सुरुवात केली. कॅमेऱ्याचे व्हिडिओ अडखळत चालतात तिथे त्याचा मोठा उपयोग होतो. मात्र नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये तो नसतो, मग ग्राफिक कार्ड घ्यावे लागते. रॅम ३२ जीबी घ्यावी. चालू कामासाठी एसएसडी हवी आणि लाईनसाठी यूपीएस हवाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दोन वेगळ्या हार्ड डिस्क घ्याव्यात. प्रत्येक लग्नाचे शूटिंग दोन्हींवर ठेवावे आणि एक डिस्क संगणकापासून दूर, पेटीत ठेवावी. संगणक बिघडला तर दुरुस्त होतो. एखाद्याच्या लेकीची पाठवणी पुसली गेली तर ती पुन्हा होत नाही, आणि पंचक्रोशीत गेलेले नावही परत येत नाही.

दोन प्रोसेसर कोणाला परवडतात? ज्यांच्याकडे एकाच वेळी अनेक कामे रात्रंदिवस चालतात किंवा ॲनिमेशनचे भारी काम असते, अशा मोठ्या स्टुडिओंना. पोराचा धंदा तिथवर गेला तर धंद्याच्याच पैशातून तो घेईल.

तोवर एक करा. पोराला एक वही द्या. आठ दिवस त्यात लिहू द्या, संगणकासाठी थांबण्यात किती वेळ गेला आणि स्वतः पाहण्यात, कापण्यात किती गेला. वही भरली की सगळ्यांनी बसून वाचा. पोरीच्या फीचा कागदही त्या वेळी समोर असू द्या.