छाप एकाची, माल दुसऱ्याचा

कापडाच्या धंद्यात आम्ही केस पांढरे केले. मोलगीच्या आठवडे बाजारात लुगड्याची घडी उलगडली की गिऱ्हाईक आधी छाप पाहते, मग पोत. एकाच मागावरचे कापड तीन छापांनी विकलेले आम्ही पाहिले आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रांच्या बाजारातही हेच घडले. मुलांसाठी असे यंत्र घेणाऱ्यांनी आणि ते विकणाऱ्यांनीही हा हिशेब समजून घ्यावा.

अमेरिकेच्या फिडेलिटी कंपनीने १९७७ साली घरगुती यंत्र बाजारात आणले. पुढे म्युनिकच्या हेगेनर-ग्लेझर कंपनीचे ‘मेफिस्टो’ आणि हाँगकाँगचे सायटेक व नोव्हाग मैदानात उतरले. जो तो स्वतःला जगज्जेता म्हणवू लागला. १९८४ साली ग्लासगोच्या स्पर्धेत तर चौघांत बरोबरी झाली. एका वर्षाला चार जगज्जेते! शिवाय स्पर्धेत पुष्कळदा खास वेगवान केलेले यंत्र बसवीत, दुकानातले त्याहून मंद असे. नमुना रेशमाचा आणि गठ्ठा सुताचा, असा हा प्रकार.

१९८९ साली हेगेनर-ग्लेझरने फिडेलिटी विकत घेतली आणि १९९४ साली सायटेकने हेगेनर-ग्लेझरच घेतली. मालक बदलला, पण जुन्या नावांना बाजारात किंमत होती, म्हणून ती खोक्यावर राहिली.

‘डीप’ या शब्दानेही घोटाळा केला. १९९७ साली आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. पुढे ‘डीप फ्रिट्झ’, ‘डीप ज्युनियर’ आले. ही त्याची भावंडे नव्हेत. यांच्या नावातील ‘डीप’चा अर्थ एवढाच, की हा प्रोग्राम एकाच वेळी अनेक प्रोसेसरांवर चालतो.

सर्वांत मोठा तंटा अलीकडचा. ‘स्टॉकफिश’ हा अनेकांनी मिळून केलेला फुकट प्रोग्राम. तो कोणीही विकावा, पण मूळ कर्त्यांचे नाव सांगावे आणि मूळ लिखाणही गिऱ्हाइकाला द्यावे, अशी त्याची अट आहे. २०२१ साली जर्मनीच्या चेसबेस कंपनीने ‘फॅट फ्रिट्झ २’ सुमारे शंभर युरोला विकायला काढला. आत बहुतांशी स्टॉकफिशच होता. अट मोडली म्हणून कर्ते कोर्टात गेले; २०२२ साली समझोता झाला.

कारागीर बंधूंनी यातली मेख ओळखावी. माल देऊन टाकला तरी कर्त्याचा हक्क संपत नाही. मात्र अट आधी लेखी असलेली बरी. तोंडी बोलणे कोर्टात सिद्ध करणे अवघड जाते.

घेणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात. प्रोग्राम कोणाचा? जिंकलेला नग हाच का? आणि ताकद मोजली कोणी, विकणाऱ्याने की तिऱ्हाइताने? स्वीडनमधील हौशी मंडळी १९८०च्या दशकापासून यंत्रे आपसांत खेळवून यादी छापत आली. त्यांना काही विकायचे नव्हते, म्हणून त्या यादीला वजन आले.

छाप पाहून गिऱ्हाईक एकदा येते. दुसऱ्यांदा येते ते माल पाहूनच.