नोकरी सुटली, हक्क सुटू देऊ नका

‘उद्यापासून येऊ नका’ एवढ्या तीन शब्दांनी घराची घडी विस्कटते. अशा वेळी कोणता भत्ता मिळू शकतो, मालकाकडून काय येणं असतं आणि कोणत्या कागदावर मुळीच सही करू नये, याची माहिती प्रत्येक घरात असायलाच हवी.

दिल्लीतला करोल बाग म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो अजमल खान रोडवरचा बाजार. साड्या, लेहंगे, गफ्फार मार्केटमधले मोबाइल, बिडनपुरा आणि रेगरपुऱ्याच्या अरुंद गल्ल्यांमधली दागिन्यांची दुकानं आणि त्यांच्या वरच्या मजल्यांवर माना खाली घालून काम करणारे कारागीर. सोनं गाळण्याच्या धंद्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचली आहेत. दिल्लीही त्याला अपवाद नाही. लग्नसराईत या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. पण लग्नसराई संपली, सोन्याचा भाव भडकला किंवा धंदा बसला, की पहिली कुऱ्हाड पडते ती नोकरांवर.

समजा, अशाच एका मोठ्या शोरूममध्ये एक गृहस्थ सात वर्षं विक्रेत्याचं काम करत आहेत. पगार सोळा हजार. घरी पत्नी, दोन शाळकरी मुलं, गावाकडे म्हातारे आईवडील. एका संध्याकाळी शेठजी त्यांना बाजूला बोलावतात आणि अगदी गोड आवाजात सांगतात, “हे बघ, धंदा मंद आहे. एका कागदावर राजीनामा लिहून दे आणि या महिन्याचा हिशोब घेऊन जा. पुढेमागे लागलं तर तुलाच आधी बोलावीन.”

सात वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना नाही कसं म्हणायचं? शिवाय हातात रोख पैसे पडताहेत. गृहस्थ राजीनामा लिहून देतात आणि इथेच सगळं बिघडतं.

राजीनामा आणि काढून टाकणं यांत फरक आहे

कायद्याच्या दृष्टीने स्वतःहून नोकरी सोडणारा आणि कामावरून कमी केलेला, ही दोन वेगळी माणसं आहेत. कामगार कपातीची भरपाई, नोटिशीचा पगार हे सगळं कमी केलेल्या माणसासाठी असतं. एकदा ‘मी माझ्या घरगुती कारणाने नोकरी सोडत आहे’ असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, की मला काढलं होतं हे सिद्ध करण्याचं ओझं आपल्याच डोक्यावर येतं.

कधी कधी गोड बोलण्याची जागा धमकी घेते. “राजीनामा दे, नाहीतर चोरीचा आळ घालीन.” सोन्याच्या दुकानात काम करणाऱ्याला या वाक्याने घाम फुटतो. पण गैरवर्तणुकीचा आरोप तोंडी करून भागत नाही. दिल्लीच्या दुकानांसाठी १९५४ साली जो कायदा झाला, त्याच्या कलम ३० नुसार तीन महिन्यांहून अधिक काळ सलग काम केलेल्या नोकराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार दिल्याशिवाय काढता येत नाही. गैरवर्तणुकीसाठी काढायचं असेल तर नोटीस लागत नाही, पण आरोप कळवून त्याला लेखी खुलासा करण्याची संधी द्यावीच लागते. म्हणून घाबरून सही करू नये. “शेठजी, जे काही असेल ते लिहून द्या, मी लेखी उत्तर देतो,” एवढंच शांतपणे सांगावं.

कोरा कागद, मागील तारखेचा कागद आणि ‘सर्व हिशोब पूर्ण मिळाला’ असं छापलेली पावती, या तिन्हींवर पैसे हातात येण्यापूर्वी सही करू नका.

बेकारी भत्ता कुणाला मिळतो?

आपल्याकडे बेकारी भत्ता नसतोच, असा अनेकांचा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे सगळे ज्याला ‘ईएसआय’ म्हणतात, त्या योजनेत हा भत्ता आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला हा विमा लागू होतो. पगाराची ही मर्यादा २०१७ सालापासूनची आहे. जुलै २०१९ पासून नोकराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. सोळा हजार पगाराच्या माणसाचे महिन्याला १२० रुपये जातात, मालकाचे ५२०.

बहुतेक लोक हे कार्ड फक्त दवाखान्यासाठी वापरतात. पण १ जुलै २०१८ पासून याच विम्यात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. सुरुवातीला रोजच्या सरासरी मिळकतीच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून, ती ५० टक्के करण्यात आली. ही मदत आयुष्यात एकूण ९० दिवसांपर्यंतच मिळते. रोजची सरासरी पाचशे रुपये असेल तर दिवसाला अडीचशे, म्हणजे पूर्ण ९० दिवसांचे २२,५०० रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण तीन महिन्यांचं घरभाडं आणि किराणा यांचा काही भार तरी हलका होतो.

अटी मात्र नीट समजून घ्याव्यात. नोकरी जाण्यापूर्वी किमान दोन वर्षं विमा लागू असलेल्या नोकरीत असायला हवं. विम्याची वर्गणी सहा-सहा महिन्यांच्या कालखंडांत मोजतात. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालखंडांपैकी एकात तरी तेवढीच हवी. गैरवर्तणुकीमुळे काढलेल्याला, निवृत्तीच्या वयामुळे किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला ही मदत मिळत नाही. कागदावर कारण काय लिहिलं आहे याला इतकं महत्त्व का, हे आता लक्षात येईल.

याशिवाय २००५ सालापासूनची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनाही आहे. कारखाना किंवा आस्थापना बंद पडल्यामुळे, कायदेशीर कामगार कपातीमुळे किंवा कामाशी संबंध नसलेल्या अपघाताने ४० टक्के वा अधिक कायमचं अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर ती लागू होते. मुदत पुढे वाढवून २४ महिने करण्यात आली. पहिली १२ महिने ५० टक्के, नंतरची १२ महिने २५ टक्के. या योजनांची मुदत आणि अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जापूर्वी शाखा कार्यालयात एकदा विचारून घ्यावं.

अर्ज कसा करायचा?

पूर्वी हा अर्ज जुन्या मालकामार्फत करावा लागे. ज्याने काढलं त्याच्याच दारात जाऊन सही मागायची, म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्यासारखंच! २०२० साली ही अट काढली. आता नोकरी गेल्यानंतर ३० दिवसांनी विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर स्वतःच अर्ज भरता येतो किंवा शाखा कार्यालयात देता येतो. सोबत आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची प्रत लागते. पैसे थेट खात्यात जमा होतात. म्हणून विमा क्रमांक, आधार आणि बँक खातं यांवरचं नाव व जन्मतारीख जुळते आहे की नाही, हे नोकरीत असतानाच तपासून ठेवावं. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडकून पडतो.

दुसरी गोष्ट, पगारातून वर्गणी कापली जाते म्हणजे ती भरलीच जाते असं समजू नका. वर्षातून दोनदा तरी आपल्या विमा क्रमांकावर किती दिवसांची वर्गणी जमा आहे ते पाहावं. पैसे कापून न भरणं हा गुन्हा आहे आणि त्याची तक्रार महामंडळाकडे करता येते.

मालकाकडून काय येणं असतं?

भत्ता सरकारचा, पण मालकाची जबाबदारी वेगळी असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. मूळ तरतूद कायम आहे. किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. नव्या संहितेत आणखी एक भर आहे. कपात झालेल्या कामगाराला नवं कौशल्य शिकता यावं म्हणून मालकाने १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची.

वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर थकलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. पाच वर्षं सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी वेगळी. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थांची सात वर्षं झाली आहेत. राजीनाम्याने ग्रॅच्युइटी बुडत नाही, पण सात वर्षांची कपातीची भरपाई आणि नोटिशीचा पगार हातचे जाऊ शकतात. एका कागदाची ही किंमत!

भविष्य निर्वाह निधीचाही आधार असतो. पूर्वी दोन महिन्यांच्या बेकारीनंतर सगळी रक्कम काढता येत असे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या विश्वस्त मंडळाने ७५ टक्के रक्कम ताबडतोब आणि उरलेली १२ महिन्यांच्या बेकारीनंतर देण्याचा बदल मंजूर केला. मात्र हा पैसा म्हातारपणाचा आहे. आधी भत्ता आणि मालकाकडचं येणं मिळवावं, निधीला हात शेवटी लावावा.

मालक दाद देत नसेल तर कामगार खात्यातल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. ४५ दिवसांत निकाल लागला नाही तर थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं. जुन्या कायद्यात यासाठी तीन वर्षांची मुदत होती, नव्या संहितेत ती दोन वर्षांवर आली आहे. वकिलाच्या खर्चाने घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना, मिळकत कितीही असली तरी, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे.

ही सोय आली कुठून?

इंग्लंडने १९११ साली बेकारीचा विमा कायद्याने सक्तीचा केला. अमेरिकेत तो १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने आला. तिथेही गैरवर्तणुकीसाठी काढलेल्याला भत्ता नाकारला जाऊ शकतो. आपल्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार केला तो प्रा. बी. पी. अडारकर यांनी. त्यांचा अहवाल १९४४ सालचा. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आजारपण, बाळंतपण, अपघात यांची सोय त्यात होती. बेकारी मात्र अर्धशतकाहून अधिक काळ बाहेरच राहिली.

मधल्या काळात कापड गिरण्या बंद पडल्या. त्यांच्या कामगारांसाठी १९८६ साली पुनर्वसन निधी योजना आली. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्यातही काम न दिल्यास भत्ता देण्याची तरतूद होती, पण ती खेड्यांसाठी. शहरातल्या दुकानात राबणारा माणूस यातल्या कशातच बसत नव्हता.

आजही चार-पाच माणसांच्या कारखान्यात काम करणारा कारागीर विम्याबाहेरच राहतो. त्याच्या हाती ना पगाराची पावती, ना नेमणुकीचं पत्र. अशांनी निदान पगार बँकेतून घ्यावा, हजेरीची आणि मिळालेल्या पैशांची नोंद वहीत ठेवावी. पुढे वाद झालाच तर तेवढाच पुरावा हाताशी राहतो.

घरच्यांनी काय करावं?

नोकरी गेल्यावर माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे लपवणं. सकाळी डबा घेऊन निघायचं, दिवसभर कुठेतरी बसायचं आणि संध्याकाळी परतायचं. दरम्यान उसने पैसे घेऊन पगार म्हणून घरात द्यायचे. यात पैसा जातो, तसाच वेळही जातो आणि अर्जाच्या मुदती कुणासाठी थांबत नाहीत.

पत्नीला कळलं तर तिने “आता मुलांच्या फीचं काय?” हा प्रश्न एक दिवस मागे ठेवावा. पहिला प्रश्न असावा, “अहो, तुम्ही कशावर सही तर केली नाही ना?” मग दोघांनी बसून नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, विमा कार्ड, निधीचा क्रमांक आणि पासबुक एका पिशवीत घालावं. पिशवी भरली की निम्मी धास्ती कमी होते. नवस, उतारे आणि ज्योतिषी यांच्यावर खर्च करण्यापेक्षा शाखा कार्यालयाच्या दोन फेऱ्या जास्त उपयोगी पडतात.

भत्ता मागताना लाज वाटायचं कारण नाही. ती भीक नव्हे. दर महिन्याच्या पगारातून कापल्या गेलेल्या आपल्याच पैशांनी घेतलेला तो विमा आहे. तेव्हा नोकरी चालू आहे तोवरच, येत्या रविवारी ती कागदांची पिशवी तयार करून ठेवा आणि घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाला बजावून सांगा: घरी विचारल्याशिवाय राजीनाम्यावर सही नाही.