माहीमच्या कॉलेजात हीटर कुठे असतो? : गॅस सोडण्याची गोष्ट

परदेशातली विद्यापीठं आपल्या इमारतींमधलं गॅसवरचं हीटिंग बंद करतायत, तिथे शिकणारी आपली मुलं फोनवर हे सांगतात. आणि आपण माहीममध्ये बसून विचार करतो, याच्याशी आपला काय संबंध? डिसेंबरात माहीमची जत्रा भरते तेव्हासुद्धा आपल्याला जेमतेम स्वेटर लागतो.

संबंध आहे, पण तो खोली गरम करण्याचा नाही. आपल्याकडे कॉलेजात गॅस जळतो तो कँटीनमध्ये, होस्टेलच्या मेसमध्ये, प्रयोगशाळेतल्या बर्नरवर आणि काही ठिकाणी आंघोळीच्या पाण्याखाली.

आधी त्यांच्याकडे काय झालं ते बघू. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड विद्यापीठ १९८७ पासून गॅसवर वीज आणि वाफ करत होतं. मग लक्षात आलं, की एकीकडे गॅस जाळून इमारती गरम करतोय आणि त्याच वेळी दुसरीकडे एसीतून काढलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून हवेत सोडतोय! २०१५ मध्ये त्यांनी ते केंद्र बंद केलं. वाफेऐवजी गरम पाण्याचे ३० किलोमीटरहून जास्त लांबीचे पाइप टाकले, १५५ इमारती बदलल्या, आणि एसीची ती फुकट जाणारी उष्णता पाण्यात घेतली.

यामागचं यंत्र म्हणजे हीट पंप. घाबरू नका, तुमच्या घरातला फ्रिज म्हणजे हीट पंपच. तो उष्णता तयार करत नाही, एका जागेहून उचलून दुसरीकडे टाकतो. फ्रिजच्या मागे हात लावा, गरम लागतं ना? तीच उष्णता पाण्याच्या टाकीत सोडली की झालं. उचलायला कमी वीज लागते, म्हणून १ युनिट विजेत ३ ते ४ युनिट उष्णता मिळते. मुंबईची हवा बारा महिने उबदार, त्यामुळे इथे तो थंड देशांपेक्षा जास्त चांगला चालतो.

आता हिशोब. होस्टेलमध्ये १०० मुलं, प्रत्येकाला एक बादली, २० लिटर, २५ अंशांवरून ४० अंशांवर. उष्णता लागली साधारण ३५ युनिट. साध्या विजेच्या गीझरला तेवढीच वीज लागेल. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे २५ किलो. पाइप गॅसवर तेच पाणी तापवलं तर ९ किलोच्या आसपास. हीट पंपला १० युनिट वीज, म्हणजे ७ किलो.

बघा बरं! गॅस काढून साधा गीझर लावला तर प्रदूषण जवळजवळ तिप्पट. "सगळं इलेक्ट्रिक करा" ही घोषणा आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही ती यामुळे.

मुंबईत तर सध्या उलटंच चाललंय. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. तिथे गॅस हा सुटकेचा मार्ग आहे, आणि ब्रून पावाची चव बदलेल ही बेकरीवाल्यांची तक्रारही खोटी नाही. पण लाकडाचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो, त्यामुळे मला तो निर्णय पटतो. इंधन बदलणं या शहराला नवं नाहीच. लालबागची गॅस कंपनी आठवते का? तिथे कोळशापासून गॅस बनायचा.

मग कॉलेजांनी काय करावं? माझं मत विचाराल तर आधी गरम पाणी. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो. त्याला वास नसतो, आणि त्याने माणसं गेलेली आहेत. गच्ची मोकळी असेल तर सोलर लावा, नसेल तर हीट पंप. मेसचा गॅस मात्र मी शेवटी काढेन. इंडक्शनवर भात-आमटी झकास होते, स्वयंपाकघर तापत नाही, पण फुलक्यांचं काय करणार? शिवाय आजच्या कोळशाच्या विजेवर तिथे फारसा फायदाही नाही.

आणि कॉलेजच्या ट्रस्टींपैकी कुणी ऐकत असेल तर त्यांच्यासाठी: हीट पंप कोंदट खोलीत ठेवू नका, त्याला खेळती हवा लागते. टाकीचं वजन जुना स्लॅब पेलेल का, ते इंजिनिअरकडून तपासून घ्या. आणि ऑर्डर देण्याआधी वीज कंपनीकडून मंजूर लोड किती आहे ते बघा. जुन्या इमारतीत गाडी बहुतेक वेळा तिथेच अडते.